गच्चीवरचा निर्यात व्यापार

घरावर सौर पॅनेल बसवले की वीजबिल शून्य होते, अशी जी समजूत इंदूरच्या प्रत्येक कॉलनीत पसरली आहे, ती खरी होण्याच्या अगदी जवळ जाते आणि नेमकी तिथेच अडते. कारण युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार नावाची रक्कम बिलावर ठाण मांडून बसलेलीच असते. रामबागेतल्या आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचा संच चढला, प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे अनुदान खात्यात जमा झाले आणि जुन्या मीटरच्या जागी येणारी-जाणारी अशी दोन्हीकडची वीज मोजणारा नेट मीटर लागला. घेतलेल्या विजेला ‘इम्पोर्ट’ आणि दिलेल्या विजेला ‘एक्सपोर्ट’ म्हणतात, असे मीटर लावणाऱ्याने सांगितले. ज्या घराण्यात चार पिढ्यांत कोणी पापडाचा पुडाही विकला नव्हता, ते एका दुपारीत निर्यातदार झाले.

निर्यात खाते आईने ताब्यात घेतले. स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण बारा युनिट तयार होतात, हे कळल्यापासून ती रोज संध्याकाळी चष्मा लावून मीटरसमोर उभी राहते आणि आकडे वहीत उतरवते. मिक्सर, पंप आणि कपड्यांचे मशीन भर दुपारीच चालवायचे, असा तिचा दंडक आहे. दिलेले आणि घेतलेले युनिट महिन्याअखेरीस एकास एक वळते होतात, त्यामुळे दुपारी वाटलेली चटणी आणि रात्री वाटलेली चटणी हिशेबाला सारखीच, हे मी तिला परोपरीने समजावले. “रात्रीची वीज आपली नसते,” एवढेच ती म्हणाली. तांत्रिकदृष्ट्या तिचेच बरोबर असल्यामुळे मी वाद वाढवला नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. डोक्यावर सूर्य आग ओकत होता, पॅनेल तापून लखलखत होते आणि घरातले सगळे पंखे मात्र बंद होते. लाइनीत बाहेरून वीज नसेल तर पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा आपला इन्व्हर्टरही आपोआप थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला आपल्याच गच्चीवरून झटका बसायचा. ही व्यवस्था अत्यंत योग्य आहे, हे मी घाम पुसत सर्वांना सांगितले. समोरच्या काकूंकडे सौर वगैरे काही नाही. जुनी बॅटरी आहे. त्यांच्या फिरत्या पंख्याखालून त्यांनी विचारले, “काय हो, आज ऊन कमी पडलं का?”

परंतु हे सगळे मार्च महिन्यापुढे किरकोळ आहे. महिन्यात उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, हा नियम ऐकून आम्ही हरखलो होतो. थंडीत पंखा नाही, कूलर नाही, एसी नाही आणि आकाश निरभ्र. त्यामुळे आईच्या वहीत डिसेंबरपासून शिल्लक फुगत गेली आणि ती पुढच्या उन्हाळ्याची बेगमी आहे, असे घरात सर्वमान्य झाले. पण ही जमा आर्थिक वर्षापुरतीच असते. 31 मार्चला उरलेले युनिट वीज कंपनी तिच्या सरासरी खरेदी दराने विकत घेते, जो आम्ही मोजतो त्या दराच्या बराच खाली असतो, आणि 1 एप्रिलला खाते कोरे होते. म्हणजे माळव्यात उन्हाळा जिथे सुरू होतो, नेमकी तिथेच उन्हाळ्यासाठी राखलेली शिल्लक संपते. ज्याने हे वर्ष आखले त्याने इंदूरचा एप्रिल पाहिलेला नसावा, किंवा पाहून आखले असावे.

“मातीमोल भावानं द्यायची नाही,” असे आईने जाहीर केले आणि आयुष्यभर रिकाम्या खोलीतला दिवा पाहून घर डोक्यावर घेणाऱ्या या बाईने मार्चमध्ये उधळपट्टीचा मोसम सुरू केला. दूध इंडक्शनवर तापू लागले. रात्री एसी लावून आम्ही दुलया पांघरल्या. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यावर न्हाऊन निघालेले समस्त नातेवाईक रंग काढायला आमच्याकडे आले, कारण गीझर दिवसभर चालू राहील, असा निरोप तिने आधीच धाडला होता. एका भाच्याच्या कानामागचा हिरवा रंग निघेना, तेव्हा “अजून पाणी घे, युनिट आहेत,” असे ती दाराबाहेरून ओरडून सांगत होती. तरीही थोडी शिल्लक उरलीच. तिचे जे पैसे बिलात वळते झाले, ते पाहून आईने वही मिटली.

मग पॅनेल बसवणाऱ्या मुलाला बोलावणे गेले. तो उत्साहाने बॅटरीची माहिती देऊ लागला.

“किती टिकते त्यात वीज?” आईने विचारले.

“आजी, रात्रभर आरामात चालेल.”

“रात्रभर नको रे. डिसेंबरची मे महिन्यापर्यंत टिकायला हवी.”

मुलगा माझ्याकडे बघू लागला. “असं तर काही येत नाही, आजी.”

“कैरीचं येतं,” असे म्हणून आई त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. दुपारचे साडेबारा वाजले होते, म्हणून इंडक्शनवर.