खुबा मोडला की हाड मरतंच, हा मेसेज चुकीचा

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘खुबा मोडला की 24 तासांत आतला गोळा मरतो. एक्स-रेत गोळा चांगला दिसला तर काळजी मिटली.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

गोळा म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक, मान म्हणजे त्याच्या खालचा अरुंद भाग. रक्त मिळणं थांबलं की गोळा मरतो. त्याला रक्त मुख्यतः हाडाच्या मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. मान मोडून तुकडे सरकले, तर त्या ताणतात, पिळतात, तुटतात. खरा धोका तिथे. तुकडे जागेवर असले तर तो बराच कमी. मानेच्या खाली, सांध्याच्या आवरणाबाहेर मोडलं (घसरून पडलेल्या वयस्करांत हे नेहमीचंच), तर गोळा क्वचितच मरतो. म्हणूनच डॉक्टर पहिल्या एक्स-रेत फ्रॅक्चर कुठे आहे आणि किती सरकलंय हे बघतात.

मेलेलं हाड सुरुवातीला एक्स-रेवर नेहमीसारखंच दिसतं. बदल उमटायला महिने लागतात, कधी दोन वर्षंही. एमआरआयमध्ये लवकर कळतं, पण मोडल्यावरच्या पहिल्या दिवसांत त्याचाही भरवसा नाही. मोडलेली मान जोडायला स्क्रू बसवलेल्या पेशंटला नंतर जांघेत नव्याने दुखू लागलं, तर पुन्हा दाखवायला हवं.

‘24 तास उलटले, आता काय उपयोग’ म्हणून आजीचं ऑपरेशन लांबवणं सगळ्यात वाईट. वयस्करांत मान सरकली असेल तर बहुतेकदा गोळाच बदलतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.