खळ्यातली स्पोर्ट्स कार

माझ्या मामांनी मोंबासातली नोकरी सोडून कायमचे मालवणात परतायचे ठरवले, तेव्हा त्यांनी सोबत दोन गोष्टी आणल्या: मधुमेह आणि माझदा आरएक्स-७. मधुमेह त्यांच्याबरोबर गेला आणि गाडी माझ्याकडे आली. पुढची काही वर्षे ती आमच्या मांगरात गवताच्या भाऱ्यांशेजारी उभी होती. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा ज्या निष्ठेने खाल्ला, तेवढ्या निष्ठेने माझ्या विद्यार्थ्यांनी शाळेतली खिचडीही खाल्ली नसेल.

निवृत्तीनंतर मी तिला चालू करायचे मनावर घेतले. गावातले मिस्त्री होड्यांची इंजिने दुरुस्त करतात. त्यांनी पहिल्या दिवशी इंजिन उघडून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "मास्तरांनू, ह्येचे पिस्टन कोणी चोरल्यानी?"

पिस्टन कोणीही चोरलेले नव्हते, ते मुळातच नव्हते. १९७८ साली बाजारात आलेल्या या मॉडेलमध्ये फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेवर आधारलेले रोटरी इंजिन असते. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत एक फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर गरगर फिरतो आणि ओढणे, दाबणे, पेटणे व धूर सोडणे ही सगळी कामे फिरता फिरताच उरकतो. हवा-धुराची वाट उघडमिट करणारे व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट नाही. असे दोन रोटर, प्रत्येकी ५७३ सीसी, म्हणजे एकूण ११४६ सीसी आणि त्यातून सुमारे १०० अश्वशक्ती! मात्र रोटरच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी बसवलेली असते आणि अख्ख्या इंजिनाची अब्रू अशा सहा पट्ट्यांवर टिकून असते. आमच्या इंजिनातल्या तीन पट्ट्या झिजल्या होत्या, दोन गंजून जागीच चिकटल्या होत्या आणि सहावी मिस्त्रींच्या हातून विहिरीत पडली.

या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन थोडे ऑइल मुद्दाम जाळते, हे मी वाचून सांगितले तेव्हा मिस्त्रींचा चेहरा प्रथमच उजळला. पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी होडीची इंजिने त्यांनी आयुष्यभर हाताळली होती. "म्हणजे ही होडीच आसा," असा निर्वाळा देऊन त्यांनी कामाला होकार दिला. पुढे जे काही झाले, त्याचे मूळ या एका वाक्यात होते, असे मला आज वाटते.

परदेशातून पट्ट्या, सीले आणि हाउसिंगे मागवण्याचा खर्च, त्यावरील सीमाशुल्क धरून, माझ्या पेन्शनला पेलणारा नव्हता. उलट कोल्हापुरात भंगारवाल्याकडे मारुती जिप्सी या जीपचे इंजिन गिअरबॉक्ससकट पस्तीस हजारांत मिळत होते. जिप्सीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि माझदाचेही तसेच. दोन्हींमध्ये मागची चाके शाफ्टने फिरतात. पत्रिका जुळत होती. हे इंजिन १२९८ सीसीचे, पण ताकद सुमारे ६० अश्वशक्तीची. हा तपशील मी घरी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितला.

"अहो, म्हणजे पैसे देऊन गाडी हळू करायची?" सौभाग्यवतींनी विचारले. छत्तीस वर्षे गणित शिकवूनही मला या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही.

इंजिन टेम्पोतून फोंडाघाट उतरून आले. अंगणातल्या फणसाच्या फांदीला चेन पुली बांधून जुने इंजिन वर उचलले, तेव्हा ते इतके लहान आणि सुटसुटीत निघाले की एवढ्याशा गोळ्यावर मामांनी आयुष्यभर कसा तोरा मिरवला, याचे सर्वांना नवल वाटले. जिप्सीचे इंजिन मात्र तितके समजूतदार नव्हते. त्याला जागेवर आणण्यासाठी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचे मोठे जाळे ओढणारे चार गडी बोलवावे लागले. ते सवयीने एका सुरात ओढू लागले आणि तिसऱ्या हिसक्याला इंजिनाआधी एक फणस खाली आला. तो बरका निघाला. काम तासभर थांबले.

इंजिन बसले, पण त्याच्या तळाचे तेलाचे भांडे, म्हणजे संप, पुढच्या आडव्या बीमला अडू लागला. तो कापून पुन्हा वेल्डिंग केला. शाफ्ट लांब पडला, तो लेथवाल्याकडून तोडून आणला. इतके करूनही इंजिन वर डोके काढून राहिले आणि बॉनेट बंद होईना. मिस्त्रींनी बॉनेटला चौकोनी भोक पाडले. पावसाळ्यात त्यावर काय घालायचे, या माझ्या प्रश्नावर त्यांनी मांगरातल्या खुंटीवरच्या इरल्याकडे बोट दाखवले.

या सगळ्यात एकच वस्तू फुकट जुळली, ती म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. दोन रोटरचे इंजिन शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा पेटते आणि चार सिलिंडरचेही दोनदाच. त्यामुळे ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची वायर जोडताच काटा बिनचूक आकडा दाखवू लागला. त्या दिवशी मी बिनसाखरेचा चहा कुरकुर न करता प्यालो.

चालू करण्याच्या दिवशी आईने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान ह्यां जां काय आरंभलेला आसा, तां तडीक ने रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आई पुढे म्हणाली, "आणि असली बुद्धी तेका पुन्हा दिव नको रे म्हाराजा!" या वेळी "व्हय म्हाराजा" दुप्पट मोठ्याने आले आणि त्यात सर्वांत खणखणीत आवाज आमच्या सौभाग्यवतींचा होता.

चावी फिरवली आणि इंजिन लागले. दिव्यांचे बटण दाबताच बॉनेटमधून वर येणाऱ्या दोन दिव्यांपैकी डावा उघडला आणि उजवा मिटलेलाच राहिला. जमलेल्या मंडळींना गाडीने डोळा मारला, असाच सर्वांचा समज झाला.

मोटार वाहन कायद्यातले कलम ५२ मी दुसऱ्या दिवशी वाचले. गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करायचा नसतो, आणि आमच्या आरसी बुकात तर इंजिनाचा क्रमांकही जुन्याचाच होता. कचेरीतल्या साहेबांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि फणस बरका होता की कापा, एवढेच विचारले. ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, हे मला त्यातूनच कळले.

त्यामुळे सध्या ती मांगरापासून विहिरीपर्यंत चाळीस पावले पहिल्या गिअरमध्ये जाते आणि रिव्हर्समध्ये परत येते. दुसरा गिअर आहे, असे मिस्त्री म्हणतात.

मे महिना सरत आला आहे आणि आभाळ भरू लागले आहे. आईने यंदाची सोले बॉनेटच्या धड राहिलेल्या भागावर वाळत घातली आहेत. वाऱ्याने फडके उडू नये म्हणून त्याच्या दोन टोकांवर जुन्या इंजिनाचे दोन रोटर ठेवले आहेत, तेही रॉकेलने धुऊन, लख्ख करून. काल संध्याकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र वाचत असताना खळ्यातून तिची हाक आली.

"झिला, जरा इंजिन चालू कर रे! सोलां अजून वलीच आसत."