रात्री लिंबू-मीठ चोळून दात मजबूत होत नाहीत, झिजतात

"रोज रात्री लिंबाच्या फोडीवर मीठ टाकून दात घासा. 7 दिवसांत पिवळेपणा आणि झणझण दोन्ही जातील, झिजलेलं कवच परत येईल. आंबट खाल्लं की लगेच ब्रश करा. फ्लोराइडची पेस्ट विष आहे, फेकून द्या."

हा निरोप या उन्हाळ्यात नागपुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. धाकट्या काकूने तो मनोभावे पाळला आणि दहाव्या दिवशी तिला माठातलं पाणीही पिववेना. मी दातांची डॉक्टर आहे. घरातच हे झाल्यावर मला गप्प बसवत नाही.

आधी लिंबू. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. पण तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा, साधारण 5.5 च्या खाली उतरला की हे खनिज विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 असतो आणि पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. त्यात मिठाचे खडे मऊ पडलेल्या कवचावर घासायचे! चिंच खाल्ली की "दात आंबले" म्हणतो ना आपण? तेच रोज मुद्दाम करायचं, आणि तेही रात्री, जेव्हा झोपेत लाळ कमी होते. लाळच तर आम्ल धुऊन काढते. दात सुरुवातीला पांढरे दिसतात, कारण वरचे डाग निघतात. कवच पातळ झालं की आतला पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, डोकावतो आणि दात आधीपेक्षा पिवळे दिसू लागतात.

कवच परत येतं, हेही खोटं. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. मऊ झालेला पृष्ठभाग लाळ आणि फ्लोराइडमुळे पुन्हा कडक होऊ शकतो. गेलेली जाडी मात्र येत नाही.

लगेच ब्रश? नको. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा-पाऊण तास थांबा. संत्री सोडा असं मी नागपूरकरांना कशाला सांगू? जेवणानंतर एका बैठकीत खा. दुपारभर लिंबू सरबताचे किंवा सोड्याचे घोट घेत राहणं जास्त वाईट, कारण दातांना सावरायला वेळच मिळत नाही.

फ्लोराइडच्या भीतीमागे थोडं सत्य आहे. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या दातांवर डाग पडतात. पण ते रोज पोटात जाणारं पाणी. पेस्ट आपण थुंकून टाकतो. 3 वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर 6 वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट द्या, एवढी काळजी पुरे.

राहिली झणझण. कवच झिजलं की डेंटिनमधल्या बारीक नळ्या उघड्या पडतात; गार पाण्याने त्यांतला द्रव हलतो आणि आतली नस दुखते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ही नस शांत करते, पण दिवसातून दोनदा, 2 ते 4 आठवडे वापरली तरच. बहुतेक जण चौथ्या दिवशी कंटाळतात. आणि ब्रश मऊ घ्या, दात रेटून घासू नका. काकूचा आता तिसरा आठवडा चालू आहे.

गार पाणी गिळून झाल्यावरही एकाच दातात कळ टिकत असेल, किंवा चावताना दुखत असेल, तर पेस्टवर थांबू नका. तिथे कीड किंवा तडा असू शकतो. जवळच्या डॉक्टरकडे नाहीतर नागपुरात मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.