गाडी आमची, वाट वास्को द गामाची

गाडी स्वतःच्या चाकांवर असेपर्यंत तिच्यावर मालकाची सत्ता चालते. ती जहाजाने पाठवायची ठरली की तिचा माल होतो आणि मालक उरतो तो केवळ सह्या करण्यापुरता. गोव्यातल्या वास्कोहून गाडीने निघून नेपाळ, तिबेट, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान आणि रशिया असा पसारा ओलांडून आम्ही उभयता लंडनला पोचलो, तेव्हा आप्तेष्टांनी आमच्या धाडसाचे भरभरून कौतुक केले. ते नाकारण्याइतका मी विनयशील नाही. पण पाच हजार मीटर उंचीच्या खिंडीतसुद्धा समोर रस्ता असतो आणि धाप लागली तर थांबता येते. परतीच्या वाटेवर रस्ता नसतो, नुसते कागद असतात.

गाडी आल्या वाटेने चालवत परत न्यावी, असा विचार मी एकदा बोलून दाखवला. ‘‘तुम्ही खुशाल जा, मी विमानाने जाते आणि आईंना काय ते सांगते,’’ असे सौ. म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. मग पर्याय उरले दोन. एका प्रकारच्या जहाजात गाडी थेट चालवत चढवतात. त्यात किल्ली परक्याच्या हाती द्यावी लागते आणि गाडीत टाचणीही ठेवू देत नाहीत. समरकंदच्या बाजारापासून सौ.ने केलेली खरेदी पाहता तो मार्ग बंदच होता. राहिला कंटेनर.

वीस फुटी कंटेनर आतून सुमारे 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो. त्याच्या दाराची उंची 2.28 मीटरच्या आसपास भरते. टपावरचा तंबू उतरवल्यावर गाडी त्यात बसते, यात शंका नाही. प्रश्न असतो तो चालकाचा. इंग्लंडातील फेलिक्स्टो बंदराजवळच्या गोदामात मी मोठ्या ऐटीत गाडी आत घातली आणि मग लक्षात आले की दार उघडते ते जेमतेम वीतभर, तर गोव्याच्या भातकढीवर पोसलेला देह त्याहून बराच रुंद आहे. तिथला कामगार अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहत उभा राहिला. मी मागच्या आसनावर गेलो, खरेदीच्या गाठोड्यांवरून सरपटलो आणि डिकीतून पाय आधी बाहेर काढले. सौ.ने याचे चित्रीकरण केले असून लंडनमधील आमच्या एकाही छायाचित्राला मिळाली नाही एवढी दाद त्याला कुटुंबात मिळाली आहे. त्यानंतर चाकांना लाकडी ठोकळे लावले, पट्ट्यांनी गाडी जखडली, टाकीत नावापुरते डिझेल ठेवले आणि बॅटरीची तार काढली. सागरी वाहतुकीच्या नियमांत इंधनावर चालणारे वाहन धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. सौ.च्या मते धोका वाहनात नसून चालकात असतो, पण त्यासाठी वेगळा वर्ग नाही.

भाड्याचा आकडा प्रथम ऐकला तेव्हा तो इतका माफक होता की मला एजंटाची दया आली. ती लवकरच ओसरली. नवरीमागून करवल्या याव्यात तसे भाड्यामागून इंधनाचा अधिभार, बंदरावरील हाताळणीचा आकार, कागदपत्रांचा आकार आणि ज्यांचा अर्थ एजंटालाही सांगता आला नाही असे आणखी काही आकार आले. विम्याचा कागद वाचताना तर आणखी एक रत्न हाती लागले. जहाज संकटात सापडले आणि ते वाचवण्यासाठी कोणाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर त्या नुकसानीचा वाटा ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनीही उचलायचा असतो. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज आडवे झाले, तेव्हाही ते सोडवण्याच्या खर्चासाठी हाच नियम लावण्यात आला होता. मी निमूटपणे विमा उतरवला.

त्या सुएझनेही आम्हांला साथ दिली नाही. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून ये-जा करू लागली होती, आणि त्यापायी प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबत होता. म्हणजे ज्याच्या नावाच्या गावात आम्ही राहतो, तो 1497 साली ज्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे आला, त्याच वाटेने आमची गाडी येणार होती. आईला याचे विलक्षण अप्रूप वाटले. जहाजांचा माग दाखवणारे ॲप तिने शेजारच्या मुलाकडून फोनवर घालून घेतले आणि सकाळच्या चहाबरोबर ती ठिपका पाहू लागली. एके दिवशी ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला थिजला. किनाऱ्यावरच्या यंत्रांना जहाजाचा इशारा साधारण चाळीस सागरी मैलांपर्यंतच मिळतो, पुढचे काम उपग्रहाचे आणि उपग्रहाच्या माहितीला वेगळे पैसे, हे मी तिला समजावले. तिने पैसे वाचवून गावच्या देवळात गाऱ्हाणे घातले. ‘‘लेकराची गाडी ज्या डब्यात आहे, तो डबा ज्या जहाजावर आहे, ते जहाज जिथे कुठे असेल तिथून सुखरूप आण रे महाराजा,’’ असे म्हटल्यावर जमलेल्यांनी ‘‘व्हय महाराजा’’ म्हटले खरे, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शंका होती.

गाऱ्हाणे पोचले असावे. कोलंबोला डबा दुसऱ्या जहाजावर चढला आणि काही दिवसांनी ठिपका चक्क गोव्यासमोर उगवला. सड्यावरच्या आमच्या गच्चीतून मुरगाव बंदरात येणारी कोळशाची जहाजे रोज दिसतात. आमचे जहाज मात्र क्षितिजापलीकडून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे निघाले होते.

‘‘अरे, दारावरून चाललीय तर इथेच उतरवून घ्या ना,’’ आई म्हणाली. ‘‘हात केला तर कदंबची बससुद्धा थांबते.’’

न्हावा शेव्याला डबा उतरला तो नेमका चतुर्थीच्या तोंडावर. ‘‘साहेब, मी गावी आलोय, गौरी गेल्या की बघू,’’ असे तिथल्या एजंटाने चिपळूणहून कळवले. गणपती सर्वांना सुट्टी देतो, पण डेमरेजला देत नाही. मोफत मुदत संपली की जागा अडवल्याचा आकार आणि डबा अडकवल्याचा आकार, हे दोन मीटर एकदम पळू लागतात.

अखेर माझ्यादेखत सील तोडले गेले आणि कस्टम्सचे एक अधिकारी हातात कार्ने, म्हणजे गाडीचे जणू पारपत्रच, घेऊन उभे राहिले. गाडी परदेशात विकली नाही, हे याच कागदावरून ठरते, आणि शेवटच्या पानावर सही झाल्याखेरीज हमीची ठेव सुटत नाही. त्यात चेसिस क्रमांकापासून सोबतच्या टायरपर्यंत सगळे लिहिलेले असते, आणि गाडीचा रंगसुद्धा.

‘‘इथे पांढरा लिहिलाय. ही तर निळी आहे.’’

निळे होते ते समुद्र. निघण्यापूर्वी आम्ही हौसेने संपूर्ण गाडीवर जगाचा नकाशा चिकटवून घेतला होता. साहेबांनी चष्मा वर केला, डाव्या दारावरचा कॅस्पियन समुद्र नखाने खरवडला, खालचा पांढरा पत्रा पाहिला, खात्रीसाठी थोडा अरबी समुद्रही उचकटला आणि मगच सही केली.

बॅटरी दुसऱ्या गाडीवरून चेतवली, डिझेल कॅनमधून आणून ओतले आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. त्या महामार्गाविषयी लिहिण्यासारखे आता काही उरलेले नाही. गोव्याच्या हद्दीत शिरल्यावर एका पोलिसाने गाडी थांबवली, कागद मागितले आणि पीयूसीची मुदत संपल्याचे दाखवून दिले. ती संपली तेव्हा गाडी भर समुद्रात डब्यात बंद होती, तिने धुराचा एक कणही सोडला नव्हता, हे मी पोटतिडकीने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटवर बोट ठेवले.

‘‘लंडनहून आलात ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तिथेच काढून घ्यायचे होते.’’