लागला का?

गळ टाकून बसलेल्या माणसाच्या मागे येऊन "लागला का?" असं विचारणं हा अजामीनपात्र गुन्हा ठरवावा, अशी माझी कालपासूनची मागणी आहे. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी "मिळाली का बस?" असं विचारतं का? नाही ना, तो तिथे उभा आहे यातच उत्तर आलं. पण हातात रॉड दिसला की लोकांची ही साधी अक्कल कुठे जाते कोण जाणे. जॉगिंगवाले थांबून विचारतात, सायकलवाले न थांबता विचारतात, काल तर एक बाई फोनवर कडाकडा भांडत चालली होती, तिने भांडण होल्डवर ठेवून मला विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर "अरेरे" करून परत भांडायला लागली.

छंद नवा आहे. का लागला विचारू नका, सगळे विचारतात तेव्हा मी "शांततेसाठी" असं सांगते.

शांततेच्या आधी सामान. नवशिक्याने काय घ्यावं यावर बहुतेकांचं एकमत आहे, सहा-सात फुटी मिडियम रॉड, २५०० साइजचं स्पिनिंग रीळ, त्यावर आठ पौंडांचा ताण सोसणारी नायलॉनची तंगूस, म्हणजे मासेमारीचा दोरा, चार गळ, पाण्यावर तरंगणारा फ्लोट आणि वजनं. इथवर ठीक. मग गळांचे नंबर येतात. १० नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा लहान, ६ नंबरचा २ पेक्षा लहान, म्हणजे नंबर उतरेल तसा गळ मोठा, हे एकदाचं डोक्यात बसवावं तर १ नंबरनंतर १/०, २/०, ३/० अशी वेगळीच वरात निघते आणि तिथे नंबर चढेल तसा गळ मोठा. ज्याने कोणी ही पद्धत काढली त्यालाही पाठीमागून "लागला का" विचारून कोणीतरी छळलेलं असणार, सूड आहे हा सरळसरळ.

गाठ शिकण्यासाठी व्हिडिओ बघावेत असं सांगतात. बघा जरूर. त्यातला माणूस नेहमी जाडजूड बोटांचा असतो आणि नेमक्या क्षणी त्याचा अंगठा कॅमेऱ्यासमोर येतो आणि अंगठा बाजूला होतो तेव्हा गाठ झालेली असते. म्हणून अंगठ्याशिवाय सांगते. तंगूस गळाच्या भोकातून ओवायची, टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचं, मग ते टोक भोकालगत जी छोटी फट राहते तिच्यातून घालायचं आणि त्यामुळे जो मोठा फासा तयार झाला त्यातूनही काढायचं. आता ओढायच्या आधी थुंकी लावायची. हो, थुंकी. कोरडी गाठ करकचून आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं गाठीपाशीच कमजोर होतं, ओली असली की सरकत जाऊन नीट बसते. हे सगळं मी बरोबर करते. तोंडात गाठ धरलेली असताना "लागला का?" आला की उत्तर देता येत नाही, हा फायदा वेगळाच.

फेकणंही वाटतं तेवढं अवघड नाही. रीळ रॉडच्या खाली लोंबतं, तर्जनीच्या पेरावर तंगूस अडकवायची, बेल नावाची तारेची कडी उघडायची, मागे नेऊन पुढे झोकायचं, आणि रॉड पुढे घड्याळातल्या दहाच्या काट्याएवढा तिरका आला की बोट सोडायचं. लवकर सोडलं तर फ्लोट आकाशात, उशिरा सोडलं तर पायाशी. आणि कडी हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही, नाहीतर एखादा सैल वेढा तसाच गुंडाळला जातो आणि पुढच्या फेकीला रिळातून दोरा न येता त्याचं अख्खं खानदान बाहेर येतं. रीळ काठोकाठ भरलेलं असलं तरी हेच होतं, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायचं असतं. एवढं जमलं की माणूस मासे पकडायला तयार. फक्त काका येता कामा नयेत.

काका काल आले.

पांढरे शूज, भडक पिवळा टीशर्ट, छातीवर कुठल्यातरी मॅरेथॉनचं नाव. माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, रॉडकडे बघितलं, आजूबाजूला झाडीत बघितलं आणि म्हणाले,

"मिस्टर कुठे गेले?"

मी म्हटलं, "कोणाचे?"

"नाही, म्हणजे, हे तुम्हाला धरायला देऊन गेलेत ना?"

मी म्हटलं रॉड माझा आहे. त्यावर त्यांनी "अरे वा!" म्हटलं. पोपट बोलला की म्हणतात त्या सुरात. मग लगेच आवाज एकदम खाली आणून, माझ्या कानाजवळ वाकून कुजबुजले, "बोलायचं नाही हां ताई, मासे पळतात." आणि एवढं सांगून मागे सरकून जंपिंग जॅक्स सुरू केल्या.

आता याचं शास्त्र मला माहितीये आणि ते मी त्यांना सांगितलंही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून जवळपास सगळाच्या सगळा परत फिरतो. तुम्ही काठावर बसून खुशाल गप्पा मारा, माशाला फार काही कळत नाही. पण जमिनीवर पाय आपटलात तर तो धक्का काठातून थेट पाण्यात जातो आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना संवेदनांची एक रेघच असते, तिने त्याला पाण्यातली बारीक हालचालसुद्धा कळते. शिवाय मासा खालून वर बघतो तेव्हा पाण्याबाहेरचं सगळं जग त्याला साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, त्यात काठावर बसकं काही असेल तर कडेला चेपून जातं, पण उंच काही उभं असेल तर दिसतं. म्हणून खाली बसायचं, पाण्यापासून जरा मागे राहायचं, मळकट कपडे घालायचे. म्हणून मी खाली बसले होते. मळकट कपड्यांत.

काकांनी हे सगळं उड्या मारता मारता ऐकलं आणि म्हणाले, "शांत बसा हो ताई, किती बोलता."

मग फोन. काकूंना. स्पीकरवर नाही लावला ही कृपा, पण एकतर्फी कॉमेंट्री जास्त लागते हे मला काल कळलं. "अगं, इथे मासे पकडतायत. नाही, मी नाही. एक बाई. हो, बाईच. एकटीच आहे गं. नाही, अजून काही नाही. नाही गं, पकडत नाहीये तशी, बसलीये. थांब विचारतो." मग माझ्याकडे वळून, "ताई, ती विचारतेय किती वेळ झाला?"

मी उत्तर दिलं नाही. पाण्यात बघत राहिले. "बोलत नाही गं," असं तिकडे कळवण्यात आलं.

माझ्या पिशवीत गांडुळांचा डबा होता आणि ब्रेड होता. ब्रेड आमिषासाठी, मधला मऊ भाग जरा ओला करून गोळी केली की लहान गळावर बसते. काकांनी "हा घेऊ का एक" असं विचारलं, मला वाटलं भूक लागली असेल, मी हो म्हटलं. त्यांनी सगळा पुडा उचलला, माझ्यापासून दहा-बारा फुटांवर जाऊन उभे राहिले आणि मुठी भरभरून पाण्यात टाकायला लागले.

आणि आले ना. मासे आले! माझ्या फ्लोटकडे ढुंकूनही न बघणारे, सकाळपासून त्या तळ्यात नाहीतच अशी माझी खात्री पटवून देणारे मासे, झुंडीने काकांच्या पायाशी. पाणी नुसतं उकळत होतं. लोक थांबायला लागले, फोन निघाले, एक लहान मुलगा टाळ्या वाजवायला लागला.

चारा टाकून मासे गोळा करणं ही पद्धत खरी आहे, ते मी नाकारत नाही. पण चारा चिमूटभर टाकायचा, भूक चाळवेल पण भागणार नाही इतपत, आणि गळ सोडायचा तो त्याच चाऱ्यात. दहा फुटांवर पंगत वाढली की गळाकडे कोण येणार? हे मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं, तर "खाऊ दे हो, बिचारे" म्हणाले, गर्दीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्या मुलाचा फुगा फोडला. ब्रेड कोणाचा होता हे कोणी विचारलं नाही.

जॉगिंगवाल्यांतलं एक जोडपं होतं, त्यातल्या मुलीने काकांना विचारलं, "काका, तुम्ही रोज येता का फिशिंगला?" काकांनी सरळ "हो, रोजच" म्हटलं. ते फिरायला येतात रोज, तेव्हा खोटं म्हणता येत नाही आणि राग येतोच. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुम्ही यांच्यासोबत आहात का?"

तेवढ्यात माझा फ्लोट हलला.

इथे नवशिक्यांसाठी सांगते, फ्लोट थरथरला म्हणजे मासा आमिष चाखतोय, तेव्हा ओढायचं नाही. फ्लोट बुडाला किंवा एका बाजूला सरळ चालायला लागला की रॉड उचलायचा, ठाम पण झटका न देता. काकांनी थरथर बघितली मात्र, "ओढा! ओढा! ओढा!" करत धावत आले. गर्दीही आली. मी ओढलं नाही. पंधरा-वीस माणसं खांद्यामागे "ओढ की" म्हणत असताना न ओढणं ही काय चीज आहे ते ज्याचं त्याला माहीत. फ्लोट गडप झाला, मी रॉड उचलला, आणि मासा लागला.

बोटाएवढा होता. आमचा ड्रॅग, म्हणजे मासा जोर करेल तेव्हा रिळातून दोरा सुटत जावा म्हणून लावलेला ब्रेक, मी दोऱ्याच्या ताकदीच्या पाव भागावर, म्हणजे दोन पौंडांवर अगदी नीट लावला होता, त्याचा एक इंचही वापर झाला नाही. तरी मासा होता. मी हात ओला केला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि त्याचा बचाव त्याच थरावर असतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवलेला होता, त्यामुळे गळ अलगद सुटला.

काका म्हणाले, "एवढाच?"

मी काही न बोलता मासा पाण्यात सोडला.

"सोडला?!" काका जवळजवळ किंचाळले. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी बिचारे होते ते. "अहो मग पकडला कशाला?" आणि लगेच फोन. "अगं लागला, पण सोडून दिला. हो ना. हो. मी पण तेच म्हटलं. नाही, बोलत नाही ती फारशी."

मला एक कळत नाही, क्रिकेट खेळून कोणी बॉल घरी नेऊन भाजी करतं का? ठीक आहे, चुकीचं उदाहरण असेल, डोकं फिरलेलं होतं. पण मुद्दा असा की ज्या काठावर मी बसले होते तिथे तुटलेल्या तंगुसाचे गुंतेच्या गुंते पडलेले होते, कोणीतरी तोडून तसेच टाकून गेलेलं, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात आणि नायलॉन काही लवकर कुजत नाही. ते मी वेचून पिशवीत भरत होते तेव्हा एकाही माणसाला थांबून काही विचारावंसं वाटलं नाही. वजनांचंही तेच. पाण्यात पडलेल्या शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरायला लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ साली मासेमारीच्या छोट्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आणली, मी शिशाऐवजी दुसऱ्या धातूची शोधून आणली आहेत, महाग पडली, त्याबद्दल कोणी "अरे वा" म्हणत नाही. "अरे वा" कशाला, तर मिस्टरांशिवाय रॉड धरला म्हणून.

सामान आवरत होते तर ते जोडपं अजून काकांशीच बोलत होतं. मुलगी विचारत होती बिगिनर्सना शिकवता का. मला वाटलं आता तरी काका सांगतील की बाई मला यातलं काही येत नाही. काका म्हणाले, "शिकवू की! त्यात काय एवढं? रविवारी या, सकाळी सहाला. मासे सकाळीच येतात." हे एवढं मात्र बरोबर सांगितलं, कुठून ऐकलं होतं देव जाणे. मुलाने विचारलं रॉड वगैरे आणायचा का.

"छे, काही आणू नका," काका माझ्याकडे हात करून म्हणाले, "साहित्य सगळं ताईंकडे असतं."

आणि त्या मुलीने माझा नंबर मागितला. मी दिला. आज सकाळी मेसेज आलाय, दोघांऐवजी चौघं येतील, चालेल ना, आणि सरांना पण विचारून सांगा.