‘मुंबईचं नळाचं पाणी म्हणजे विष’: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर, मुलाच्या वर्गातल्या पालकांकडून, भिशीच्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्या परळच्या इमारतीच्या ग्रुपवर. सुरुवात अशी: ‘सावधान! मुंबईचं नळाचं पाणी म्हणजे विष.’ पुढे दाव्यांची रांग. पालिका पाण्यात कॅन्सर करणारं क्लोरीन ओतते, पाण्याचा टीडीएस धोकादायक आहे, पाणी पांढरं येतं ती ब्लीचिंग पावडर, उकळून काही उपयोग नाही, पाणी कोणी तपासत नाही, झोपडपट्टीवाले पाइप फोडतात म्हणून घाण येते. शेवटी सल्ला: आरओ मशीन, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवा, नाहीतर विकतचं पाणी प्या. खाली एक व्हिडिओ.

तो बघून आमच्या तळमजल्यावरच्या मावशींनी नळाचं पाणी प्यायचं सोडलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून वीस लिटरचे जार आणायला लागल्या. पेन्शनवर घर चालतं त्यांचं. म्हणून हे लिहायला बसले. सोसायटीची पाण्याची कामं मी सहा वर्षं बघते आहे, त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी हाताखालून गेल्या आहेत.

आधी व्हिडिओ, कारण लोक घाबरतात ते त्यानेच. दोन ग्लास: एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवतात आणि वीज सुरू करतात. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, मग काळपट होतं, वर फेस येतो. आरओचं पाणी जसंच्या तसं. ‘बघा, हे तुम्ही पिता!’

हाच खेळ घेऊन एक विक्रेता मागच्या वर्षी आमच्या इमारतीत आला होता. मी त्याला म्हटलं, आता तुमच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका. तो आधी टाळत होता, पण जिन्यात सगळे जमले होते, टाकावं लागलं. कांड्या बुडवल्या आणि ते ‘शुद्ध’ पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त काळं झालं. कारण सरळ आहे. त्या कांड्यांतल्या काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि जो गाळ दिसतो तो त्या कांडीचाच गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. ग्लासात दिसलेली घाण नळातून आलेली नव्हती, विक्रेत्याच्या पिशवीतून आली होती. घरी हा प्रयोग करू नका, थेट विजेचा मामला आहे.

टीडीएसचा दावाही त्याच पिशवीतला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम हेही आले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरला आहे. त्या विक्रेत्याच्या मीटरवर आमच्या नळाचा आकडा ७८ आला होता आणि तो ‘अठ्ठ्याहत्तर!’ असं ओरडून सांगत होता. मुंबईचं पाणी पावसाचं, तलावांत साठवलेलं. तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य आणि अप्पर वैतरणा, विहार, तुळशी. असं पाणी मऊच असतं, बोअरच्या पाण्यासारखे क्षार त्यात नसतात. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ यंत्रांना बंदी करा, कारण ही यंत्रं पाणी फार वाया घालवतात. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं खारट पाणी येत असेल तर आरओला अर्थ आहे. पालिकेच्या पाण्याला नाही.

आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळीच. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही. गटाराचं थोडं पाणी मिसळलेल्या ग्लासातही तो ऐंशीच्या आसपासच दाखवेल, आणि त्या ऐंशीवर विसंबून कोणी ते पाणी लेकराला पाजेल.

आता क्लोरीन. मुंबईला रोज सुमारे ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं बहुतेक भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं. भांडुपचं केंद्र १९७९ पासून चालू आहे. तिथे आधी गाळ खाली बसवतात, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि नंतर क्लोरीन देतात. केंद्रातले जंतू मारणं हे क्लोरीनचं निम्मंच काम. भांडुपहून निघालेलं पाणी डोंगरावरच्या टाक्या, जमिनीखालचे जुने पाइप, आमच्या इमारतीची टाकी असं फिरून ग्लासात येतं. त्या अख्ख्या वाटेवर पाण्याची राखण करतं ते उरलेलं क्लोरीन. म्हणून मानकात ते किती उरलंच पाहिजे हे लिहिलं आहे: लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम.

मेसेजमधली कॅन्सरची गोष्ट अगदी हवेतून आलेली नाही, हेही सांगते. पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं बनतात. ती जास्त प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात जाऊ नयेत म्हणून त्यांना मानकात मर्यादा आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका, कारण जंतूंचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. क्लोरीनचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी पाणी उघड्या तोंडाच्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास झाकण न लावता ठेवावं, वास बराच जातो. ज्या दिवशी पाण्याला हा वास नसतो आणि दुसराच काहीतरी वास असतो, त्या दिवशी मी घाबरते.

पांढऱ्या पाण्याचं दोन ओळींत. ग्लास भरून ओट्यावर ठेवा. पांढरेपणा तळापासून वर वर निवळत गेला तर ती हवा आहे. पाणी सुटताना रिकाम्या पाइपातली हवा दाबाने पाण्यात मिसळते, तिचे ते बुडबुडे. खाली गाळ बसला तर मात्र ते गढूळ पाणी, ते पिऊ नका.

‘उकळून उपयोग नाही, उलट विष घट्ट होतं.’ या वाक्याने कोणाचा तरी जीव जाईल. कावीळ, टायफॉइड, कॉलरा, जुलाब, पाण्यातून येणाऱ्या या सगळ्यांचे जंतू खळखळून उकळी आल्यावर मरतात. पावसाळ्यात पालिका पाणी गाळून, उकळून प्या असं सांगते ते यासाठी. उकळताना थोडी वाफ जाते आणि क्षारांचं प्रमाण नावापुरतं वाढतं, ७८ चं फार तर ८२-८५ होईल. त्याने काहीही बिघडत नाही.

‘कोणी तपासत नाही’ हे तर साफ खोटं. पालिका शहरभरातून पाण्याचे नमुने घेते आणि दरवर्षीच्या पर्यावरण स्थिती अहवालात कुठल्या वॉर्डात किती टक्के नमुने पिण्यायोग्य नव्हते ते छापते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारतीय मानक ब्युरोची तपासणी जाहीर केली, त्यात मुंबईचे दहाही नमुने सर्व निकषांवर उतरले होते आणि दिल्लीचे अकराही नमुने नापास झाले होते. पण दहा नमुने म्हणजे मुंबईतला प्रत्येक नळ नव्हे. वॉर्डांचे आकडे सारखे नसतात, आणि नापास नमुना कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला असतो.

तीन वर्षांपूर्वी तो आमचा होता. जुलैत इमारतीत एकामागून एक पाच जणांना कावीळ झाली, त्यात माझी वहिनी होती, सहा महिन्यांची गरोदर. गरोदरपणात काही प्रकारची कावीळ जिवावर बेतते हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे पाय लटपटले होते. ती आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. प्लंबरने गल्लीतलं गटार उघडलं तेव्हा आमची जोडणी त्या काळ्या पाण्यातून जात होती आणि पाइपाला खालच्या अंगाने बोट जाईल एवढं भोक होतं. बाहेरून गंजाचा पापुद्रा, आतून केस आणि चिखल. पाणी दोन-अडीच तास येतं, बाकीचा वेळ पाइप रिकामा. आतला दाब गेला की गटाराचं पाणी त्या भोकातून आत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या धारेबरोबर थेट टाकीत. वर आमच्याच एका बिऱ्हाडाने जोडणीला बूस्टर पंप लावला होता. त्याची ओढ गटारातलं आणखी आत खेचत होती. भांडुपहून निघालेलं पाणी चांगलं होतं. शेवटच्या चाळीस फुटांत ते नासलं.

म्हणूनच ‘झोपडपट्टीवाले पाइप फोडतात’ हे वाचून राग येतो. चोरीच्या जोडण्या आहेत, नाही कशाला म्हणू? पण ज्या वस्तीला वर्षानुवर्षं रीतसर नळ दिला नाही तिथे लोक अर्ध्या इंची पाइप गटारातून ओढून आणणारच, आणि तिथली मुलंच आधी आजारी पडतात. झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून पाणी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. त्यानंतर सर्वांसाठी पाण्याचं धोरण यायला २०२२ चा मे उजाडला. आमची जोडणी तर पूर्ण अधिकृत होती. ती सडत होती तेव्हा आम्ही कोणीही गटाराचं झाकण उचलून बघितलं नव्हतं.

राहिला विकतच्या पाण्याचा सल्ला. सील नसलेला, मानकाची खूण नसलेला थंड पाण्याचा जार कुठे भरला जातो हे आपल्याला ठाऊक नसतं. आरओ यंत्र क्लोरीनही काढून टाकतं, त्यामुळे त्याची टाकी आणि फिल्टर वेळेवर साफ झाले नाहीत तर आतल्या पाण्याला राखणदार उरत नाही. मावशींना मी जार बंद करायला सांगितलं आणि उकळलेलं पाणी भरून ठेवायला झाकणाचं स्टीलचं पिंप घेऊन दिलं. सकाळी पाणी सुटलं की आम्ही पहिली पाच मिनिटं मोरी धुवायला वापरतो, मग भांडी भरतो. वास किंवा रंग वेगळा दिसला की १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवतो आणि त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्यात जातो.

या रविवारी सकाळी नऊला आमच्या दोन्ही टाक्या धुणार आहोत. गच्चीवरच्या टाकीचं झाकण गेल्या वादळात तडकलं आहे, ते बदलायचं आहे. मेसेज पाठवणाऱ्या चौघांनाही मी बोलावलं आहे.