झोपाळा सोडा, मुलं थांबलीत!

संताप संताप झालाय नुसता. बागेत झोपाळे दोन. एकाची साखळी तुटून लोंबतेय, आणि उरलेल्या एकावर आज एक धडधाकट बाप्या फोनवर गप्पा हाणत बसलेला. समोर माझी चार वर्षांची लेक आणि तिच्यामागे आणखी पोरं, मुकाट रांगेत उभी. बराच वेळ वाट बघितली. मग म्हटलं, "दादा, जरा उतरता का? मुलं थांबलीत." त्याने हातानेच 'थांबा' केलं आणि पाठ फिरवली. पाठ! लहान मुलांच्या रांगेकडे पाठ करून हा माणूस झोके घेतोय आणि हसतोय. पुन्हा सांगितलं तर फोन कानाला तसाच ठेवून म्हणतो कसा, "ताई, फुकटची बाग आहे, सगळ्यांची आहे. तुम्ही विकत घेतली का?"

नाही घेतली विकत. पण तो पाट लेकरांच्या मापाचा आहे, जमिनीपासूनची उंची लेकरांची आहे. रोज असली वजनं बसली की वरचा आकडा हळूहळू फाकतो आणि एक दिवस साखळी निसटते. शेजारची काय आपोआप तुटली?

आणि बाकांवरचे बाकीचे आईबाप! सगळ्यांनी ऐकलं, एकाने तोंड उघडलं नाही. उलट एक बाई मलाच म्हणाल्या, "जाऊ द्या हो, कशाला वाद घालता." का जाऊ द्या? रांगेत तुमचाही मुलगा होता ना?

हे 'फुकट' ऐकून ऐकून कान किटलेत. तुटलेल्या साखळीची तक्रार करायला गेले तर तिथेही तेच, "फुकट आहे, तेवढं खूप समजा." फुकट कसलं? आपण भरलेल्या करातून उभं राहिलंय ते. आणि खेळणं हा मुलांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 31 मध्ये तसं लिहिलंय. कुणी उपकार करत नाहीये आमच्यावर.

झोपाळ्याखाली काय आहे? काँक्रीट. पोरं पडणार हे माहीत असताना काँक्रीट! तिथे फूटभर जाडीची भुसभुशीत वाळू हवी, नाहीतर रबराचा थर. वाळूचा चौकोन आहे म्हणा एक, पण त्यात सिगारेटची थोटकं आणि कुत्र्यांची घाण. घसरगुंडी पत्र्याची, डोक्यावर सावली नाही. पत्रा 60 अंशांपर्यंत तापला तर लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. मी आधी हात लावून बघते, मगच सोडते. हे बांधणाऱ्याने कधी हात लावून बघितला होता का?

आणि कौतुकाने लेकराला मांडीवर घेऊन घसरणारे लोक, ते तर मला बघवतच नाहीत. पोर एकटं घसरलं आणि पाय कडेला अडकला तर बहुतेक वेळा ते तिथेच थांबतं. तुमच्या मांडीवर असलं की तुमचं सगळं वजन त्या अडकलेल्या पायाला पिळून पुढे जातं आणि नडगीचं हाड मोडतं. हौस तुमची, प्लास्टर त्याला. सांगायला गेलं की, "आम्हाला कळतं आमच्या मुलाचं."

बरं, जायचं तरी कधी? सकाळी ऊन चढायच्या आत जावं तर फाटकाला कुलूप. दुपारी पत्रा तापलेला. संध्याकाळी मोठ्या पोरांचा चेंडू धाकट्याच्या डोक्याशेजारून सुंसुं जातो, आणि अंधार पडला की दिवा नाही. मध्येच पोराला शू लागली तर स्वच्छतागृहही बंद, म्हणजे सगळं आवरून घरी. आणि हेच सगळे लोक वर ऐकवतात, "हल्लीची मुलं मोबाइल सोडतच नाहीत." सोडून जायचं कुठे त्यांनी?